मिठाचा अंदाज

"नाथा, पळी तूच धर. मस्कतवाल्यांनी लई खाल्लं तुझ्या हातचं. आता आमच्या म्हसोबाला खाऊ दे की!" आश्रुबा चुलता म्हणाला आणि चुलवणाभोवती बसलेली भावकी हसली.

नाथानं नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. आठ वर्षं तो मस्कतच्या हॉटेलात आचारी होता, पण गावातल्या कुणी त्याच्या हातचा घास खाल्ला नव्हता. आज त्याची छाती जरा फुगलीच.

गेवराईजवळच्या माळावर कंदुरी होती, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण. नवस नाथाच्या लेकीचा, अंजूचा. दोन वर्षांमागं नाथा तिकडं आजारी पडला, फोन लागेना, तेव्हा पोरीनं म्हसोबापुढं हात जोडले होते. बाप धडधाकट येऊन इथं उभा राहू दे, त्याच्या देखत बोकड देईन, तोवर पायात काही घालणार नाही. पोर बापापेक्षा हट्टी. उन्हाळ्यात डांबर पातळ व्हायचं, तरी अनवाणीच कॉलेजला गेली. आता तिचा बीडला नर्सिंगला नंबर लागला होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी हजर व्हायचं, काळे बूट सक्तीचे. नाथाची सुट्टीही सोमवारीच संपत होती. बूट त्यानंच तिकडून आणले होते. त्याची बायको साखराबाई ते खोकं मांडीवर घेऊन लिंबाखाली बसली होती. देवाला निवद दाखवला की लेकीच्या पायात बूट घालायचे, एवढंच राहिलं होतं.

रस्सा उकळला, वर लाल तवंग आला. नाथानं पळी बुडवली, डाव्या तळहातावर दोन थेंब सोडले, चाटले, पळी पुन्हा पातेल्यात घातली आणि वरून चिमूटभर मीठ सोडलं. मान वर केली तर कुणीच हसत नव्हतं.

"आरं नाथा," आश्रुबा म्हणाला, "निवद कुठं दाखविलाय अजून?"

निवदाआधी चव घ्यायची नाही, मीठ अंदाजानं टाकायचं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण हॉटेलात चाखल्याशिवाय एक पातेलं बाहेर जात नसे. हात आपला सवयीनं गेला होता. तो तळहात त्यानं सदऱ्याला पुसला, जणू पुसून चाखलेलं परत येणार होतं.

"चुकून झालं," चुलतभाऊ सोमनाथ म्हणाला. "देव काय एवढ्यावरून रुसतो का?"

"देवाचं ऱ्हाऊ दे," आश्रुबा म्हणाला. "जिनं पाय भाजून घेतले तिला इचार. उष्टं चालंल का म्हणावं."

सगळ्यांनी अंजूकडं पाहिलं. तिनं आईच्या मांडीवरच्या खोक्याकडं पाहिलं.

"न्हाई चालणार," ती हळू म्हणाली. "दुसरं बोकड सोडू. पप्पा पुन्हा येतील तवा."

पुन्हा म्हणजे पुढच्या सुट्टीला, दोन वर्षांनी. 'घाल गं बूट, पाप माझ्या डोक्यावर,' असं नाथाच्या अगदी ओठावर आलं. पण ज्याच्यासाठी पोरीनं पाय भाजले, त्यानं ते कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अन्न वाया घालवायचं नाही म्हणून पंगत बसली. लोक खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. सोमनाथ खाता खाता बोलून गेला, "मीठ मातर एकदम बराबर झालंय." आणि त्यानं जीभ चावली. नाथाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अंजूला वाढताना त्याला तिच्या तोंडाकडं बघवलं नाही. तिच्या टाचांच्या भेगा तेवढ्या दिसल्या.

सोमवारी सकाळी बापलेक गेवराईच्या स्टँडवर बाकावर बसले होते. तिची गाडी बीडची, त्याची मुंबईची.

"तिथं काय सांगशील?"

"पायाला लागलंय म्हणीन." अंजूनं पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढली. "आठ-चार दिस निभंल."

"अन् मग?"

"मग बगू."

नाथा बाकावरून उतरून खाली फरशीवर बसला आणि त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला.

"पप्पा, पायाला हात कावून लावता? लोक बघत्यात. मी बांधते की."

"आण इकडं."

लहानपणी हाच पाय त्याच्या तळहातात मावायचा. आता तळवा खेटराच्या चामड्यासारखा झाला होता. नाथानं एक पाय गुंडाळून गाठ मारली, तशी अंजूनं दुसरा पुढं केला.

"ह्याला पण?"

"एकालाच लागलंय म्हणलं तर दुसऱ्यात बूट घाल म्हणतील ना."

नाथानं दुसरा पायही मांडीवर घेतला. बीडची गाडी फलाटाला लागली. अंजूनं पिशवी खांद्याला अडकवली.

"जरा जाड बांधा, पप्पा. लांबून दिसाया पायजे."

त्यानं मान वर न करता आणखी एक वेढा दिला आणि लेकीच्या धडधाकट पायावर गाठ मारली.