मिटायचे डोळे

फादर सुयश खुर्चीवर चढले, चित्रातला चेहरा जवळून पाहिला आणि तसेच खाली उतरले.

"पुन्हा उघडेच!"

अंगदने ब्रश पाण्यात खळबळला. चित्रात क्रुसावरून उतरवलेला येशू मरियेच्या मांडीवर होता. एक हात लोंबत होता, पायांचे घाव नीट जमले होते. डोळे मात्र समोर बघत होते. अंगद दर वर्षी गणपतीचे डोळे आखायचा, तसेच.

"अंगदभाऊ, मेलाय तो."

"देव मेलेला कसा काढू, फादर? हात चालत नाय."

"तिसऱ्या दिवशी उठणार आहे."

"मग उठलेलाच काढू की!"

फादरना हसू आलं नाही. उद्या गुड फ्रायडे. 'गणपतीवाला कशाला?' असं चर्चच्या कमिटीने भर बैठकीत विचारलं होतं, तरी सगळ्यांशी भांडून त्यांनीच अंगदला आणलं होतं. चित्र झालं नाही तर गेल्या वर्षीचा फ्लेक्स लागणार होता.

"संध्याकाळी येतो. मिटलेले नसले तर फ्लेक्स लावतो. कंटाळलो मी."

अंगदने डोळ्यांवर कातडीचा रंग फिरवला. त्यावर पापणीची रेघ ओढून पाहिली. पुसली. परत ओढली.

"लाकडाची बाहुली नुसती," तो पुटपुटला आणि ब्रश आपटला.

फादर आले तेव्हा बाहेर छावणी बाजारातल्या दुकानांचे दिवे लागले होते. चित्रातले डोळे सताड उघडे होते. बुबुळं, त्यांतली चमक, कडेची लाली, सगळं होतं. असे डोळे अंगदने आधी एकदाही काढले नव्हते.

"तुम्हाला कळतं की नाही?" फादरनी खिशातून मोबाइल काढला. "कमिटीला सांगतो, लावा फ्लेक्स."

"थांबा, फादर. वाळू द्या."

पंखा चित्राकडे वळवलेला होता. अंगदने बोटाच्या पाठीने डोळा चाचपला, वाटीत कातडीचा रंग कालवला आणि ब्रश बाजूला ठेवला. अंगठा रंगात बुडवून त्याने तो भुवईखाली टेकवला आणि सावकाश खाली ओढला. मग दुसऱ्या डोळ्यावर.

फादरचा मोबाइल धरलेला हात खाली आला. माणूस गेल्यावर उशाशी बसून म्हणायची प्रार्थना त्यांच्या ओठांवर आपसूक आली.

"हे प्रभू येशू, तुझ्या या लेकराला…"

ते थांबले. पुन्हा 'हे प्रभू येशू' म्हटलं, समोरच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिथंच अडले.

रंगलेला अंगठा तसाच धरून अंगद प्रार्थना पुरी व्हायची वाट पाहत उभा होता.