कोपऱ्यातली पाहुणी

वन्संनी मनाशी सगळं पक्कं ठरवलं होतं. ज्या दिवशी कोपऱ्यातल्या पाहुणीला पहिलं पान फुटेल, त्या दिवशी वहिनींकडे तिचा एक कंद मागायचा, तो कुंडीत लावायचा, कुंडी काखोटीला मारायची आणि आपण काम करतो त्या दुकानावरच्या खोलीत राहायला जायचं. बाकी या घरातला चमचासुद्धा त्यांना नको होता.

पाहुणी म्हणजे एक रानफूल. वन्संच्या दादानं कधीकाळी डोंगरातून रुमालात बांधून आणलेलं. वर्षातले काही महिनेच ती दिसायची. कमरेएवढा निळा तुरा काढायची, आल्यागेल्याला माना वळवायला लावायची आणि मग पानं पिवळी पडून अशी नाहीशी व्हायची, की इथं काही होतं यावर नव्या माणसाचा विश्वास बसू नये. कंद तेवढे जमिनीखाली झोपून राहायचे. हवा बदलली की बाईसाहेब पुन्हा हजर. येताना कळवणार नाही, जाताना सांगणार नाही, म्हणून दादानंच तिचं हे नाव ठेवलं होतं.

बागेतल्या बाकीच्या झाडांना कुणीही पाणी घालावं, छाटावं, काय वाटेल ते करावं. या कोपऱ्याकडे मात्र दादा कुणाला फिरकू देत नसे. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं उकिडवा बसायचा. पाहुणी वर असो की खाली, याचं बसणं चुकायचं नाही. "काय करतोस रे तिथं?" असं वन्संनी विचारलं की म्हणायचा, "काही नाही." यावर वन्संचा काडीचाही विश्वास नव्हता. चांगला स्वयंपाक करणाऱ्या बायकासुद्धा पदार्थात काय घातलं विचारलं की "काही नाही" असंच म्हणतात.

गेल्या वर्षी तुरा वाळला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा गेला. घरात उरल्या दोघी, नणंद आणि भावजय. वन्सं चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, मुगाच्या दाण्याहून लहान स्क्रू पिळायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं आणि कुणी विचारलंच तर "मला एवढ्या जवळून बघायची सवय, कुठला नवरा पसंत पडणार?" असं म्हणून हसायच्या. वहिनी दवाखान्यात नर्स. इतकी वर्षं दोघी एका छताखाली राहिल्या आणि कधी भांडल्या नाहीत, याचं लोकांना कौतुक. त्यात कौतुक कसलं? एकीला काही खुपलं की ती दादाला सांगायची, दुसरीला खुपलं की तीही दादालाच. तो बिचारा दोघींचं ऐकून घ्यायचा आणि पुढे काही पोचवायचा नाही. आता तोच नव्हता, त्यामुळे खुपलेलं सगळं जिचं तिच्यापाशीच साठत होतं.

वन्संना खुपलं होतं ते एकच वाक्य. दादा गेल्यावर भेटायला आलेल्या नातेवाइकांसमोर वहिनी म्हणाल्या होत्या, "एवढ्या मोठ्या घरात मी एकटी काय करू?" वन्सं शेजारीच बसल्या होत्या, पाण्याचे पेले घेऊन. मी एकटी! म्हणजे आपण या घरात खिजगणतीतच नाही. त्या मूग गिळून बसल्या, पण त्याच आठवड्यात त्यांनी दुकानाच्या मालकांना वरच्या रिकाम्या खोलीबद्दल विचारलं. वहिनींना अर्थातच ताकास तूर लागू दिली नाही.

तर खोली तयार होती, वन्सं तयार होत्या, फक्त पाहुणी उठायला तयार नव्हती. तिला उठवायचं कामही वन्संनी अंगावर घेतलं. वहिनींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही, आणि स्वतः तर त्या तिकडे कधी जाताना दिसायच्या नाहीत. दगडाच्या काळजाची बाई, वन्सं मनात म्हणायच्या. मग सकाळी वहिनी दवाखान्यात गेल्या रे गेल्या, की या बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर. दादा रोज काहीतरी करायचा, तसं आपणही करायला हवं. पाणी घालायच्या, माती थापटायच्या. मध्ये दोनदा खतही घातलं, चांगलं ओंजळी भरभरून. माती कायम ओलसर असायची. कालचं पाणी अजून धरून आहे म्हणून वन्सं स्वतःवरच खूश.

हवा बदलली. शेजारच्या कुंपणाला पालवी फुटली. रस्त्याच्या कडेला, जिथं कुणी काही पेरलं नव्हतं तिथंसुद्धा, हिरवं दिसायला लागलं. कोपरा मात्र काळाच्या काळा. वन्संचा जीव टांगणीला लागला. दुकानात त्यांच्या हातून स्क्रू निसटायला लागले. एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. तो बिचारा खांबाला धडकून परत आला. मालक म्हणाले, "ताई, तब्येत बरी आहे ना?" वन्सं म्हणाल्या, "माझी बरी आहे." पाहुणीचं त्यांना काय सांगणार? दादाच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि ते मेलं तर त्या कुंडीत काय घेऊन जाणार होत्या?

आणि जसजशी काळजी वाढत गेली, तसतसा वहिनींवरचा रागही वाढत गेला. रात्री दोघी समोरासमोर जेवायच्या. "भाजी हवी?" "नको." "कडधान्य भिजत घातलंय उद्यासाठी." "बरं." यापलीकडे गाडी जात नव्हती.

एक दिवस दुकानासमोर रस्ता खणताना कुणीतरी विजेची तार तोडली. काच घासायचं यंत्र बंद पडलं आणि मालकांनी दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं. वाटेत वन्संनी ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. वहिनींना तोंडावर विचारायचं, की नवऱ्याच्या झाडाला कधी थेंबभर पाणी घातलंत का? वाक्य पाठ करत करत त्या मागच्या फाटकानं आत शिरल्या.

कोपऱ्यात वहिनी बसल्या होत्या. अंगावर पांढरा गणवेश, हातात दवाखान्यातलं औषध मोजायचं भांडं. खुणेशी डोळा आणून, पाणी मोजून, त्या हळूहळू मातीवर ओतत होत्या आणि बोलत होत्या, "ऊठ ना गं बाई. किती झोपशील? आता वन्संही निघून जातील. तुला बघून तरी राहतील."

पाठ केलेलं वाक्य वन्सं विसरल्याच.

"वहिनी?"

वहिनींच्या हातून भांडं पडलं. "तुम्ही? एवढ्या लवकर?"

"तुम्ही हिला पाणी घालता?"

"मग कोण घालणार? तुम्ही तर इकडे ढुंकूनही बघत नाही."

"मी? अहो, मी रोज सकाळी बादली ओतते इथं!"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "रोज?"

"रोज. आणि तुम्ही?"

"ड्युटीवरून आले की. रोज."

"मी खतही घातलंय," वन्सं जरा खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मी शक्तीच्या गोळ्या कुटून घातल्यात," वहिनी त्याहून खालच्या आवाजात म्हणाल्या.

दुसरी कुठली वेळ असती तर दोघी पोट धरून हसल्या असत्या. पण वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वन्सं, यांनी मला सांगितलं होतं. ती झोपली की कोरडं ठेवायचं. पाणी नाही, खत नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. कंद कुजतात."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तरी?"

"हो, तरी." वहिनींनी ओले हात गणवेशाला पुसले. "शेवटी शेवटी डॉक्टरही हेच म्हणाले होते ना, आता काही करायचं नाही. जन्मभर मी लोकांना वेळच्या वेळी औषधं दिली, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या उशाशी नुसती बसून राहिले. पुन्हा इथंही काही करायचं नाही? नाही जमलं मला. वाटायचं, थोडं पाणी घातलं तर काय होतंय. एवढंसंच तर घालत होते, मोजून."

वन्संचा इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी नुसतं भरून आलं. त्या खुरपं घेऊन आल्या. दोघी मातीत बसल्या. पहिल्याच खुरप्याला वास आला, टोपलीत तळाला राहून सडलेल्या कांद्याचा असतो तसा. एकेक कंद वन्संनी बोटांनी मोकळा केला, आणि एकेक कंद बोटातच विरघळला. वहिनी दरवेळी "हा बघा, हा घट्ट वाटतोय" म्हणायच्या आणि दाबून बघितलं की गप्प व्हायच्या. शेवटी भिंतीच्या पायाशी, एका दगडाच्या आडोशाला, पाणी पोचलं नव्हतं तिथं एक सापडला. वाटाण्याएवढा. वन्संनी दाबला. दबला नाही. दुकानात भिंग लावून काच तपासतात तसा त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. कुठं डाग नव्हता.

"आहे," त्या म्हणाल्या. "हा एक आहे."

वहिनींनी तो घेतला, रुमालानं पुसला आणि वन्संच्या तळहातावर परत ठेवून त्यांची बोटं मिटवली. "घेऊन जा. तुमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं खोलीचं?"

"तुमचे मालक रक्तदाब तपासायला आमच्याकडेच येतात. खोलीला रंग दिला म्हणाले. निळा."

"आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही या घरात भावासाठी राहत होतात. तो गेला. जाऊ नका म्हणायला मी कोण?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांसमोर. मी एकटी काय करू म्हणून. मी तिथंच बसले होते, वहिनी."

वहिनींना आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, मातीसकट. "अहो, त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मला दिसत कुणीच नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. ते काय वाक्य होतं का मनाला लावून घ्यायचं? तेव्हाच माझ्यावर खेकसायचं ना!"

"आपण कधी खेकसलोय एकमेकींवर?"

"तेच चुकलं," वहिनी म्हणाल्या आणि रडायला लागल्या. वन्संना रडणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते ठाऊक नव्हतं, पण त्यांनी धरलं, एका हातानं. दुसऱ्या हाताच्या मुठीत कंद होता.

सडलेली माती दोघींनी उपसून टाकली. गच्चीवर पडलेली रेती आणि खडे आणून खड्डा भरला. कंद वन्संनी लावला, भिंतीशीच. बादली आणि मोजायचं भांडं वहिनींनी कपाटात घालून किल्ली वन्संना दिली, कारण स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता. वन्संचाही स्वतःवर नव्हता, म्हणून त्यांनी किल्ली शेजारणीकडे ठेवली. मालकांना त्यांनी सांगितलं, खोली दुसऱ्या कुणाला द्या. रंगाचं वाईट वाटतं तेवढं.

त्यानंतरचे दिवस दोघींनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. काही न करणं म्हणजे काय कष्ट असतात, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. एकमेकींवर खेकसायला मात्र त्या शिकल्या. "वहिनी, खिडकीतून लांब व्हा!" "तुम्ही आधी फाटकापासून लांब व्हा!" शेजारीपाजारी चकित झाले.

आणि एका सकाळी वन्सं ओरडल्या, "वहिनी!"

वहिनी एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशा धावत आल्या. खड्यांमधून एक पान वर आलं होतं. एकच. करंगळीच्या नखाएवढं. दोघी हात मागे बांधून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"यंदा काही फूल येणार नाही हिला," वन्सं म्हणाल्या. "फार लहान आहे."

"यांनी आणली तेव्हाही एवढीच होती. किती वर्षांनी फुलली होती हो?"

"तीन तरी गेली असतील. चारही असतील."

वहिनींनी मनात काहीतरी जुळवलं. मग जरा भीत भीत विचारलं, "तोवर तुम्ही इथंच?"

"मग कुठं जाणार? एवढीशी आहे ती."

"मग घाई नाही," वहिनी म्हणाल्या. "सावकाश येऊ दे तिला."