रंगाचा गाळ

मी एक काचपट्टी बोलतेय, माशांचे रोग तपासणाऱ्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेतली. थकलेय हो. रक्त घ्यायचं, रंग लावून घ्यायचा, बघून झालं की साबणाच्या पाण्यात बुडी. माझ्या बरोबरीच्या कधीच फुटून सुटल्या. मी मेली चिवट.

इथल्या तपासनीस बाईंचा धाकटा भाऊ तळ्यात मासे पाळतो. एका सकाळी तो बादली घेऊन आला.

"ताई, कल्ले बघ, पांढरेफटक पडलेत. अंडी घालणाऱ्या माद्या आहेत गं, सहा वर्षं सांभाळल्यात. काल अकरा गेल्या."

बाईंनी माझ्यावर रक्त पसरलं, जांभळा रंग ओतला, भिंगाखाली धरलं. ठिपके दिसले.

"हात्तिच्या! रंग गाळायचा राहिला, त्याचाच गाळ बसलाय." मला धुतलं आणि भावाला सांगितलं, "पाण्यात हवा कमी पडतेय. पंप वाढव."

अहो, गाळ कुठेही सांडतो. हे ठिपके लाल पेशींच्या आत होते, केंद्रकाला कोपऱ्यात रेटून ऐसपैस बसलेले. रक्तातले परजीवी होते ते! पण काचेला विचारतं कोण?

आठ दिवसांनी भाऊ मेलेली मादी घेऊन आला. या वेळी बाईंनी तिच्या मूत्रपिंडाचा पातळ काप माझ्यावर चिकटवला. बघवत नव्हतं. नळ्यांच्या भिंती विरलेल्या, मधे मधे नुसती भोकं, आणि उरल्यासुरल्या लाल पेशींत तेच ठिपके. रंग तर दोनदा गाळलेला. बाईंनी भिंगावरून डोळा काढला.

"तळ्यात जळवा आहेत का रे?"

"आहेत की, नेहमीच्याच."

"त्याच हा रोग एकीच्या रक्तातून दुसरीच्या रक्तात नेतात. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. गाळ समजून धुऊन टाकलं मी."

"तेव्हा कळलं असतं तर?"

"निम्म्या तरी वाचल्या असत्या. आता औषध नाही. धड आहेत त्या वेगळ्या काढू."

त्याने बादली उचलली. "चारच उरल्यात. गमबूट घालून चल."

आता मला धुत नाहीत. काप कायमचा पाठीवर आहे, आणि माझ्या कडेला डकवलेल्या चिठ्ठीवर बाईंच्या अक्षरात दोनच शब्द: 'माझी चूक'. चूक त्यांची, नाव माझं! हवी होती ती विश्रांती मिळाली, पण ही अशी.

चौघींतली एकच जगली. भाऊ दर महिन्याला तिला तपासायला आणतो. बाई दुसऱ्या काचेवर थेंबभर रक्त घेतात, निरखून बघतात, धुवायला निघतात, आणि मोरीच्या दारातून परत येऊन पुन्हा बघतात.