मक्बूलचा बंधारा

आमच्या नदीला वर्षातले बहुतेक दिवस पाणी नसतं. डोंगरात पाऊस पडला की ती येते, काही तास थयथयाट करते, समुद्राला मिळते आणि पुन्हा वाळूचा रस्ता होऊन पडते. तेवढ्या वेळात जेवढं पाणी वळवता येईल, त्यावर आमचं वर्ष चालतं. पाणी वळवायला नदीत आडवा बंधारा घालायचा, वाळूचा आणि झाऊच्या झुडपांच्या फांद्यांचा. लहान लोंढा आला तर बंधारा त्याला पाटात ढकलतो. मोठा आला तर बंधारा स्वतःच वाहून जातो आणि पाणी आपल्या वाटेनं समुद्राकडे निघून जातं. मग सगळं गाव पुन्हा फावडी घेऊन जमतं. असे किती बंधारे मी घातले असतील देव जाणे, पण शिव्या न देता घातलेला एकही आठवत नाही.

पाटावरचा नियम साधा आहे. वरच्याचं शेत आधी. गुडघाभर पाणी साठलं की त्यानं आपलं तोंड बुजवायचं आणि पाणी खालच्याला सोडायचं. माझं शेत पाटाच्या मधोमध आहे. मधल्या माणसाला पाणी बहुतेक वेळा मिळतं, त्यामुळे त्याला न्यायाच्या गोष्टी करायला फुरसत असते आणि गावात तो समंजस म्हणून ओळखला जातो.

मक्बूलचं शेत अगदी शेवटचं. पाट संपतो आणि पुन्हा नदीच्या काठाला टेकतो तिथलं. पाणी त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत वर बंधारा फुटलेला असायचा. आम्ही हिरव्या शेतातून घरी यायचो आणि हा कोरड्या बांधावर बसून आमच्याकडे बघत असायचा. त्याच्या बापाची तांबडी ज्वारी होती. तसं दाणेदार, गोडसर बी आमच्या पट्ट्यात आता कुणाकडे राहिलेलं नाही. मक्बूल ते मडक्यात राख घालून जपायचा आणि एखाद्या बऱ्या वर्षी चार कणसं आली की जुन्या बियाच्या जागी तेवढं नवं भरून ठेवायचा. त्याचा व्याही जैलान त्याला चिडवायचा, की तुमची तांबडी ज्वारी आम्ही कानांनीच खात आलोय.

हा जैलान नदीच्या पलीकडच्या काठाला, खालच्या वस्तीत राहतो. वस्ती सखल आहे आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. मक्बूलची एकुलती एक मुलगी फुतूम त्या घरात दिलेली. समुद्रावरून वारा सुटलेला असला की समुद्र नदीचं पाणी आत घेत नाही, मागे लोटतो, आणि मग वस्तीच्या दारात पाणी येतं. पण ते घोट्याएवढं येतं आणि जातं. त्याची त्यांना सवय आहे.

मक्बूल जेद्दाला बरीच वर्षं गवंडीकाम करून परत आला तो सिमेंटचं वेड घेऊनच. दुपारी आम्ही पाण्याच्या शेखच्या बैठकीत तरतरी आणणारी गातची पानं चघळत बसतो, तिथं त्यानं विषय काढला. नदीत दगडाचा बंधारा घालायचा, पोटात सिमेंट आणि लोखंडी जाळी. सामान त्याचं, अंगमेहनत सगळ्यांची. एकदा घातला की नातवंडांपर्यंत बघायला नको.

पाण्याचा शेख म्हणजे हुबैश. कुणाचं पाणी कधी, कुठं थांबवायचं, भांडण झालं तर कुणाचं खरं, हे तो ठरवतो. त्यानं गालातली पानं इकडून तिकडे केली. मग म्हणाला, "बंधारा फुटायलाच असतो, मक्बूल."

"शेख, फुटण्यासाठी कुणी भिंत बांधतं का?"

"आपले बाप बांधायचे."

सगळे हसले, मक्बूलसुद्धा. पण हसणाऱ्यांत एकही असा नव्हता ज्याची पाठ धरलेली नव्हती. त्या वर्षी पहिल्याच पावसात बंधारा दोनदा गेला होता. वर डोंगरात लोकांनी पायऱ्यांची शेतं टाकून दिलीत, झाडं सरपणाला गेलीत, त्यामुळे पूर्वी रेंगाळत येणारं पाणी आता धावत येतं. पोरं शहरात, फावडी म्हाताऱ्यांच्या हातात. हुबैशनं नाही म्हटलं नाही. आम्ही तर हो म्हणायला टपलेलेच होतो.

जैलान मात्र नदी ओलांडून आला. त्याला चहा दिला, तो त्यानं घेतला नाही.

"व्याही, तुमची भिंत टिकली तर पाणी जाणार कुठं?"

"पाटात."

"आणि पाटात मावलं नाही तर?"

"ते तेव्हा बघू," मक्बूल म्हणाला. "इतकी वर्षं माझं शेत कोरडं पडलं, तेव्हा कुणी बघायला आलं होतं?"

जैलान उठला आणि आल्या वाटेनं नदी ओलांडून गेला. मक्बूलचं म्हणणं खोटं नव्हतंच. माणूस इतकी वर्षं पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसला की त्याला वाढप्याचा राग येणारच.

बंधारा झाला आणि तो देखणा झाला, हे त्याच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. मक्बूलनं एकेक दगड हातानं फिरवून बसवला. पावसाळ्याचे पहिले दोन लोंढे लहान होते. बंधाऱ्याला ओरखडासुद्धा उठला नाही. पाट भरून वाहिला, पण पाणी फार वेळ टिकलं नाही आणि शेवटच्या शेताला नुसती ओल पोहोचली. मक्बूलला तेवढ्यावर पंख फुटले. आमच्याकडे पूर येऊन गेल्यावर, गाळ बसल्यावर, ओलीवर पेरतात. यानं मोठं पाणी यायच्या आधीच मडकं उपडं केलं आणि बापाचं सगळं बी त्या ओलसर मातीत पेरून टाकलं. बियाण्यापुरतं मूठभरही मागे ठेवलं नाही. हुबैश म्हणाला, बाजारात तुरी. मक्बूल म्हणाला, पाणी येणार म्हणजे येणार, आता त्याला वाटेत थांबवणारं कुणी नाही.

पाणी आलं. दुपार कलली होती. वरच्या गावाहून हुबैशला फोन आला आणि फोन कानाला असतानाच वरून इशाऱ्याचे बंदुकीचे बार ऐकू आले. वरचे लोक फोन आणि बार दोन्ही वापरायला लागले की समजायचं, प्रकरण मोठं आहे. आम्ही बंधाऱ्याकडे पळालो. आधी आवाज आला, दळणाच्या मोठ्या चक्कीसारखा, मग तांबडं पाणी, त्यात बाभळी, मेलेली शेळी, कुणाच्या तरी घराचं दार.

बंधारा हलला नाही. पाणी त्याला धडकलं, चढलं आणि पाटात घुसलं. वरची शेतं भरली, माझं भरलं, आणि थोड्याच वेळात पाट दुथडी भरून शेवटच्या शेतात पोहोचला. मक्बूल आपल्या बांधावर उभा होता. पाणी त्याच्या नडगीपर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. त्यानं लुंगी वर खोचली आणि हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण पाणी चढतच राहिलं. या वेळेपर्यंत वाळूचा बंधारा केव्हाच गेला असता आणि पाणी नदीच्या मधून उतरलं असतं. आता ते बंधाऱ्यामागे साठत होतं, आणि पलीकडचा काठ नुसत्या मातीचा. त्या काठावरून पाण्याची पहिली जीभ पलीकडे उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. पलीकडे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी वस्ती. त्यात समुद्रावरून वारा सुटलेला.

हुबैश ओरडला की बंधारा फोडा. पहारी आणल्या, घण आणले. मक्बूल धावत आला आणि सगळ्यांत जोरात त्यानंच घाव घातले. कुठं घालायचे ते त्यालाच माहीत होतं. कपच्या उडाल्या, एवढंच. आपण किती चांगलं काम केलंय हे त्याला तेव्हा कळत होतं.

त्याचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर लावला, कारण पाण्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. फुतूम होती. पाणी अंगणात आलंय, म्हणाली. बाळ तिच्या कडेवर रडत होतं.

"उंचावर चढ, पोरी. वर चढ," मक्बूल म्हणाला.

"कशावर चढू, बाबा? गवताची झोपडी आहे."

आता एकच वाट उरली होती आणि ती आम्हाला प्रत्येकाला दिसत होती. पाट जिथं संपतो तिथं, मक्बूलच्या शेताचा नदीकडचा बांध फोडला, तर साठलेलं पाणी पाटातून धावत येऊन त्या शेतातून बंधाऱ्याखालच्या नदीत उतरलं असतं. पलीकडचा भार कमी झाला असता. पण एवढं पाणी ज्या शेतातून जातं तिथं शेत राहत नाही. आणि आमच्यात दुसऱ्याच्या बांधाला कुणी फावडं लावत नाही. वाळवंटात एक वेळ खून पचेल, पण हे पचत नाही, पिढ्यान्‌पिढ्या वैर चालतं. पाण्याच्या शेखलासुद्धा तसं सांगायचा अधिकार नाही. तोडायचा तर मालकानं, आपल्या हातानं.

हुबैश जमिनीकडे बघत होता. मी माझ्या फावड्याकडे बघत होतो. आम्ही नुसते गप्प उभे होतो, आणि त्या गप्प उभं राहण्याची मला आजही लाज वाटते, जरी दुसरं काही करणं नियमात बसत नव्हतं.

मक्बूलनं माझ्या हातातलं फावडं घेतलं. त्याचं स्वतःचं पाण्यात गेलं होतं. तो पाटाच्या कडेनं आपल्या शेतापर्यंत पळत गेला, बांधाच्या मधोमध उभा राहिला आणि खणायला लागला. आधी बोटभर धार निघाली. ती रुंद झाली, मग बांधाचा मोठा तुकडा एकदम बसला आणि मक्बूल कडेला फेकला गेला. आम्ही मागोमाग पोहोचलो होतो, त्याला ओढून वर काढलं. तोपर्यंत नदीनं वाट ओळखली होती. पाट दोन्ही बाजूंनी ढासळत रुंद होत गेला, माझ्याही शेताची कड गेली, आणि सगळा लोंढा शेवटच्या शेतातून खाली कोसळायला लागला. पलीकडच्या काठावरून उतरणारं पाणी पातळ झालं आणि थांबलं. वस्तीत ते कंबरेच्या वर गेलं नाही. दोन झोपड्या, काही कोंबड्या आणि जैलानची गाढवीण गेली. माणूस एकही गेला नाही.

सकाळी बघितलं तर मक्बूलच्या शेताच्या जागी गोट्यांचा पट्टा होता. नदी आता तिथूनच वाहते. जी कधी त्याच्या दारात येत नव्हती ती दर पावसाळ्यात येते आणि थांबत नाही. बंधारा जसाच्या तसा उभा आहे, कोरड्या वाळूत. त्याच्यावर शेळ्या बसतात. आम्ही नव्या पात्रात वाळूचा आणि झाऊचा बंधारा घातला. शेत नसलेल्या माणसाला त्या कामावर यावं लागत नाही. मक्बूल आला, दिवसभर फांद्या दाबल्या आणि घरी गेला.

मक्बूलच्या शेताची माती घेऊन गेलेलं पाणी समुद्राच्या वाऱ्यानं मागे लोटलं आणि ते ओसरताना ती माती जैलानच्या रानात बसली, हातभर जाड, काळी, लोण्यासारखी. गाळ ज्याच्यात पडला त्याचा, त्यात उगवेल तेही त्याचं, हा आमच्याकडचा जुना नियम आहे. जैलाननं त्यात आपली पांढरी ज्वारी पेरली आणि तशी ज्वारी खालच्या वस्तीनं कधी पाहिली नव्हती.

कापणीच्या दिवसांत मला जैलानचा निरोप आला की व्याह्याला घेऊन या. मक्बूलला जायचं नव्हतं. नातू बघायला चल म्हटल्यावर निघाला. रानात पोहोचलो तर सगळी पांढरी ज्वारी कापून झालेली, आणि कापलेल्या धसांमध्ये इथं एक, तिथं दोन अशी ताटं मुद्दाम उभी ठेवलेली. त्यांची कणसं तांबडी होती.

मक्बूल बांधावरच थांबला.

जैलान नेहमीसारखं तिरकस बोलायला गेला, पण जमलं नाही. "गाळ माझा," तो म्हणाला. "बी कुणाचं, यावर नियम काही म्हणत नाही. तुम्हीच कापा."

मक्बूलनं विळा घेतला. एकेक कणीस कापलं, कापताना खाली हात धरला म्हणजे दाणा सांडू नये. सगळी मिळून फुतूमच्या ओढणीत मावली. तिनं पोराला खाली ठेवलं आणि ओढणीची गाठ मारायला घेतली.

"बाबा, दळून देऊ का? जाताना भाकरी घेऊन जा."

"दळू नकोस," मक्बूल म्हणाला. "बी आहे ते."

फुतूमचे हात गाठीवरच थांबले. जैलान समुद्राकडे बघायला लागला. मी पोराला उचलून घेतलं. कुठल्या शेतात पेरणार, हे आमच्यापैकी एकालाही विचारवलं नाही.