जनाबाईच्या वयाची नऊ वर्षं

भैरवी सासूचे केस काळे करायला बसली की भिंतीपलीकडे नेमकी तुळसाबाई उन्हात येऊन बसायची. महिन्यातल्या एखाद्या रविवारी हे ठरल्यासारखं घडायचं आणि त्या रविवारी भैरवीच्या पोटात ठरल्यासारखं दुखायचं.

तांडापेठेतल्या त्या गल्लीत दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. अलीकडे जनाबाई स्टुलावर मान खाली घालून बसलेली, खांद्यावर फाटका टॉवेल, कपाळावर डायचे ओघळ. पलीकडे तुळसाबाई खुर्चीत, नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे. पिंजलेल्या कापसासारखे पांढरे. दोघी एकाच वयाच्या, एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलेल्या. तुळसाबाईचा नवरा रेल्वेत खलाशी होता. जनाबाईचा शालिकराम आधी हातमागावर बसला आणि माग मोडल्यावर कामठीच्या पॉवरलूमवर उभा राहिला. आता दोघेही नाहीत. खलाशाच्या मागे बायकोला पेन्शन राहिली. विणकराच्या मागे खुंटीवर मागाचा एक लाकडी धोटा राहिला, तो भैरवीची अडीच वर्षांची नंदिनी गाडी म्हणून खेळायची.

"काय वं भैरवी, ब्यूटी पार्लर उघडलं का?" तुळसाबाईची सून रुचिका दुधाचा पेला घेऊन बाहेर आली.

"उद्या आईची जिन्याची परीक्षा हाय."

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात जनाबाई सफाईचं काम करायची. कामावर ठेवणारा ठेकेदार वेगळा. त्याचा नियम असा की अठ्ठावन्नच्या वरची बाई नको. आणि नुसत्या आधार कार्डावरच्या वयावर त्याचा विश्वास नसे. दर नोव्हेंबरात त्याचा माणूस बायांना रांगेत उभं करून भरली बादली घेऊन तीन मजले चढायला लावी. न थांबता चढेल ती राहील.

"आमच्या आईलेबी उद्याच ब्यांकेत न्यायचं हाय," रुचिका म्हणाली. "जित्ती हाय म्हनून दाखवाले."

"जित्ती हावो वं बाई," तुळसाबाई पेला हातात घेत म्हणाली. "दुधात बदाम टाकून राहिली तू, मराले सवड कुठं देतं?"

जनाबाई मान खाली ठेवूनच हसली. "तुले जित्तं दिसा लागते तुळसे, मले जवान दिसा लागते."

सगळ्या हसल्या. भैरवीही हसली, पण तिचा ब्रश केसांवरून जरा जास्तच जोरात फिरला.

तिला त्या घरातलं सगळंच खुपायचं. बदामाचं दूध खुपायचं. रुचिका सकाळी डबा घेऊन लकडगंजच्या व्यापाऱ्याकडे टायपिंगला जाते, कारण पोरीला सांभाळायला सासू घरी आहे, हे तर काट्यासारखं रुतायचं. भैरवी बी.कॉम. होती. रुचिका बारावी. पण भैरवीची सासू सकाळी सहाला धंतोलीला जायची, म्हणून भैरवी नंदिनीला काखेत घेऊन घरात. आणि या सगळ्याहून तिला खुपायचे ते पांढरे केस. दुसऱ्याच्या दागिन्यांचा हेवा करावा, साडीचा करावा. म्हाताऱ्या बाईच्या पांढऱ्या केसांचा हेवा करायची वेळ आपल्यावर का यावी? एकदा तर तिच्या मनात आलं होतं, बंद व्हावी ती पेन्शन, मग कळेल यांना. पेन्शन बंद व्हायची म्हणजे काय व्हायला हवं, हे लक्षात आल्यावर ती स्वतःलाच भ्याली होती आणि नंदिनीला घट्ट धरून बराच वेळ बसली होती.

या हेव्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती भैरवी कुणाला सांगत नसे. जनाबाईची नऊ वर्षं तिनंच पुसली होती.

तीन वर्षांपूर्वी पोट सातव्या महिन्यात आलं आणि भैरवीची शिकवणीवर्गातली नोकरी सुटली. नवरा वैभव एका ॲपसाठी दुचाकीवर पार्सलं पोचवायचा, जितकी पार्सलं तितकी कमाई. त्याच महिन्यात ठेकेदारानं बायांची कार्डं मागितली. जनाबाई तेव्हा त्रेसष्टची. गल्लीतल्या बायांनी वाट दाखवली. 'तारीख दुरुस्त' करायची, ओळखीच्या माणसाचं सहीशिक्क्याचं पत्र मिळतं. आधार केंद्रावर फॉर्म भरायला घरातली शिकलेली कोण? भैरवी. तिनं एकोणीसशे एकोणसाठच्या जागी एकोणीसशे अडुसष्ट लिहिलं. सुवाच्य अक्षरात. जनाबाई शेजारी उभी राहून कौतुकानं म्हणाली होती, "मोत्यासारखं लिहिते वं माही सून."

पासष्टीनंतर निराधार म्हाताऱ्यांना सरकारचं थोडंबहुत निवृत्तीवेतन मिळतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता जनाबाई सहासष्टची झाली होती आणि कार्डावर सत्तावन्न. काम आणखी एक वर्ष. त्यानंतर काम नाही, आणि कार्डावर पासष्ट व्हायला आणखी सात वर्षं. तेव्हा खरं वय असेल चौऱ्याहत्तर. भैरवीनं हा हिशोब वैभवलाही सांगितला नव्हता.

सोमवारी तिला सासूबरोबर जावं लागलं, कारण यंदा ठेकेदारानं नवीन कागद काढला होता. घरच्या माणसाची सही हवी. शेअर ऑटोत जनाबाई नंदिनीशी बोटं मोजायचा खेळ खेळत होती. तिचे काळेभोर केस पाहून ऑटोतली एक पोरगी म्हणाली, "काकू, कोणतं तेल लावता हो?"

"सूनबाईच्या हातचं," जनाबाई म्हणाली.

दवाखान्याच्या मागच्या जिन्याशी सहा बाया उभ्या होत्या. सगळ्यांचे केस सारखेच काळे, इतके सारखे की एकाच पुडीतले वाटावेत. ठेकेदाराचा माणूस गोविंदा तिशीतला, हातात पॅड. पहिली कौसल्या चढली. मग दुसरी. तिसरी जनाबाई.

पहिला मजला तिनं एका दमात काढला. दुसऱ्याच्या वळणावर बादली हिंदकळली. मग पावलांचा आवाज थांबला. भैरवी नंदिनीला घेऊन वर धावली, मागोमाग गोविंदा. जनाबाई पायरीवर बसली होती, एक हात बादलीच्या कडीत अजून तसाच. तोंडानं श्वास घेत होती. कपाळावरून घाम वाहत होता, आणि तो घाम काळा होता. नंदिनीनं बोटानं तो पुसला आणि बोट सगळ्यांना दाखवलं.

"आजी, उठा," गोविंदा म्हणाला. आणि मग, कार्डाची आठवण होऊन, "मावशी."

भैरवीनं सासूला पाणी पाजलं. गोविंदानं इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. "वहिनी, मी काही राक्षस नाही हो. वरून यादी येते. यांना पास करतो मी. पण पुढच्या साली अठ्ठावन्न होऊन राहिले. मागं फॉर्म तुम्हीच भरलता ना? अजून पाच कमी करून आणा. शिकल्या-सवरल्या हा तुम्ही, तुम्हाला काय कठीण हाय?" त्यानं कागद पुढे केला. "आणि इथं सही."

कागदावर लिहिलं होतं की कामगाराचं वय बरोबर आहे, प्रकृती उत्तम आहे, आणि कामावर काही बरंवाईट झाल्यास सर्वस्वी जबाबदारी कुटुंबाची राहील.

भैरवीनं पेन घेतलं. या घटकेला तुळसाबाई बँकेत खुर्चीवर बसली असेल. कुणीतरी तिला म्हणत असेल, आजी, सावकाश. ती म्हातारी आहे हे सगळ्यांना मान्य असेल. भैरवीच्या छातीत असा हेवा उसळला की तिचे डोळे भरून आले. माझ्या सासूला म्हातारी म्हणायलासुद्धा चोरी! आणि चोरी कोणाची? या मोत्यासारख्या अक्षराची.

तिनं पेन परत दिलं.

"यांचं वय सहासष्ट आहे," ती म्हणाली. "सत्तावन्न मी लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं."

"चूप वं!" वरच्या पायरीवरून कौसल्या फिसकारली. "तुही सासू जाईन तं जाईन, आमच्या पोटावर काहून पाय देऊन राहिली?"

एकीचं खोटं उघडं पडलं तर सगळ्यांचीच कार्डं तपासतील, हे भैरवीच्या ध्यानातच आलं नव्हतं. गोविंदा पॅडकडे पाहत राहिला. तेव्हा जनाबाई कठड्याला धरून उठली. तिनं बादलीतलं पाणी शांतपणे कोपऱ्यातल्या मोरीच्या तोंडाशी ओतलं आणि रिकामी बादली गोविंदाच्या पायाशी ठेवली.

"मी माहंच सांगतो, बाकीच्याइचं मले ठाव नाई," ती म्हणाली. "कामाले मी भेत नाई, बापू. सात वर्षाची होतो तवापासून मागाच्या कांड्या भरल्या. बसून करासारखं काम असन, चादरी घडी करनं असन, तं आजबी करतो. पन हे नऊ वर्षं डोक्यावर घेऊन जिना नाई चढत आता. लय जड हाय."

परतताना ऑटोत नंदिनी झोपली होती.

संध्याकाळी वैभव आधी भडकला. "आता घर कसं चालन? विचार केला का?" मग आईच्या गालावरचा सुकलेला काळा ओघळ त्याला दिसला. तो खाली बसला. हेल्मेट मांडीवरच होतं. "मलेबी एक दिवस हेच करा लागन," तो कुणाकडे न पाहता म्हणाला. "ॲपवाला म्हातारा पोऱ्या ठेवन का?"

रुचिका भिंतीशी आली तेव्हा भैरवीला वाटलं, आता ही टोमणा मारणार. तिनं आधीच तोंड फिरवलं.

"आईचा अंगठाच घेईना मशीन," रुचिका म्हणाली. "भांडे घासून घासून रेषा झिजल्या म्हने. चार घंटे लागले. माह्या जिवाचं पानी झालं वं."

"मिळेल ना पेन्शन. तुमचं बरं आहे."

"बरं हाय?" रुचिकाचा आवाज एकदम बदलला. "आई शिंकली तरी मी भेतो. माह्या नवऱ्याले कुठं पेन्शन हाय? थोबी ठेक्यावरच. आई गेली का सगळं गेलं. मी दूध देतो न, तं माहं मलेच समजत नाई का कोनाले देऊन राहिली, सासूले का पेन्शनले. तुह्या सासूचं दुखलं तं तू दुखलं म्हनून पाहतं. मले तुहाच हेवा वाटते, भैरवी. खरं सांगतो."

तीन वर्षं भैरवी ज्या भिंतीवरून पलीकडे पाहत होती, त्याच भिंतीवरून कुणीतरी अलीकडे पाहत होतं.

दुसऱ्या आठवड्यात, जनाबाईला अजून विश्रांती हवी म्हणून, ती नंदिनीला रुचिकाच्या घरी ठेवून महापालिकेच्या जुन्या शाळेत गेली. जनाबाई लहानपणी दोन वर्षं तिथे गेली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. तीन फेऱ्यांनंतर रजिस्टर सापडलं. कु. जना गोमा हेडाऊ, बापाचा धंदा विणकर, जन्म एकोणीसशे एकोणसाठ. शेरा: कामास्तव शाळा सोडली. भैरवीनं नक्कल घेतली, आपण चुकीची तारीख लिहिल्याचं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं आणि आधार कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज केला. तिथले साहेब म्हणाले, "बाई, हे तुमच्याच अंगाशी येईल." ती म्हणाली, "येऊ द्या. अक्षर माझंच आहे."

अर्ज अजून टेबलांवरून फिरतो आहे. मंजूर झाला तरी त्यात घर चालणार नाही, हे भैरवीला माहीत आहे. जनाबाई आता नंदिनीला सांभाळते आणि भैरवी अर्धा दिवस एका मेडिकलमध्ये बिलं करते. पण ज्यांनी उभ्या शहराला कापड विणून दिलं, फरशा पुसून दिल्या, त्यांचं म्हातारपण नवऱ्याच्या नोकरीच्या नशिबावर का टांगलेलं असावं? ज्याला बसायचं आहे त्याला बसता यावं, ज्याला काम करायचं आहे त्याला आपलं खरं वय सांगून झेपेल ते करता यावं, एवढंच मागणं आहे. त्यासाठी एका म्हातारीनं दुसरीच्या पांढऱ्या केसांकडे चोरून पाहावं लागू नये.

परवाच्या रविवारी जनाबाई भिंतीशी उन्हात बसली होती. भांगात दोन बोटं पांढरं उगवून आलं होतं. पलीकडून तुळसाबाई म्हणाली, "आता दिसून राहिली तू माह्या बरोबरीची." तेवढ्यात फाटक वाजलं. कौसल्या होती. जिन्यावर फिसकारली होती ती. हातात पदराच्या टोकानं धरलेलं कार्ड.

"माहंबी लिहून दे वं," ती भैरवीच्या नजरेला नजर न देता म्हणाली. "गुडघे गेले माहे."

भैरवीनं कोरा कागद घेतला. "काकू, खरं वय सांगा."

"खरं?"

"खरं."

कौसल्या पायरीवर बसली. बोटांवर काहीतरी मोजू लागली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. "मोठी पोरगी झाली तवा मी अठराची होतो... का विसाची? दोनदा बदलवलं ना वं कार्डावर, तेच ध्यानात राह्यलं." तिनं डोळे मिटले. "थांब. आठवू दे मले."

भैरवी पेन उघडं धरून बसून राहिली.