निळ्या रफूचा भोपळा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला चिरून भाजी करायला जाऊ नका. मी एक जुना भोपळा आहे खरा, पण कापडाचा. पोटात कापूस आहे, बुडाशी थोडे वाळलेले वाटाणे उरले आहेत आणि देठ तेवढा खऱ्या भोपळ्याचा आहे. सहा वर्षं दर पानगळीला मला बाहेर काढत आणि बर्फ पडू लागलं की खोक्यात कोंबत. त्या काढण्या-घालण्याने मी अगदी शिणून गेलो. आता बसल्या जागी निवांत आहे, म्हणून बोलतो.

भोपळा होण्याआधी मी शर्ट होतो. लाल-काळ्या चौकड्यांचा, जाडजूड, उबदार. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहानशा गावात ऑर्विन लुंडीन नावाचा शेतकरी मला मक्याच्या काढणीला घालत असे. एकदा कुंपणाच्या काटेरी तारेत अडकून मी पाठीवर फाटलो. त्याच्या बायकोने, आर्डिसने, मला रफू केलं. लाल दोरा संपला होता, म्हणून निळ्याने केलं.

ऑर्विन मान वळवून वळवून आरशात पाठ बघत होता. "लांबून दिसतं का गं?"

"शेजारच्या गावातून दिसतं," आर्डिस म्हणाली.

त्यानंतर तो मला जास्तच घालू लागला. चर्चमध्येसुद्धा घालून निघाला होता, आर्डिसने दारातून परत पाठवलं.

पुढे एका वसंतात ऑर्विन गेला. आर्डिसने त्याचे कपडे आवरले नाहीत. मला तर तिने स्वयंपाकघराच्या दारामागे होतो तिथेच राहू दिलं. सप्टेंबरात तिची मुलगी लिअ‍ॅन आली आणि आई बाहेर गेलेली असताना तिने सगळे कपडे पिशवीत भरून चर्चमधल्या बायकांना देऊन टाकले. बिचारीला वाटलं, आईचं दुःख त्याने हलकं होईल.

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका जमत आणि शरदातल्या विक्रीसाठी कापडाचे भोपळे करत. तिथे राज्य बर्निसचं. तिच्या हातात कात्री आली की समोरचं कापड कोणाचं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. तिने मला टेबलावर पसरलं, पाठीवर मोठं ताट पालथं घातलं, खडूने गोल आखला आणि कचाकच कापत सुटली. गोल पुरा होतो न होतो तोच दालचिनीच्या बन्सचं तबक घेऊन आर्डिस जिना उतरली.

"बघ गं आर्डिस, काय झकास कापड मिळालंय! हातोहात जाईल हा भोपळा," बर्निस म्हणाली.

आर्डिस जागच्या जागी थांबली. मित्रांनो, त्या घडीला फक्त माझी पाठ कापली होती. दोन्ही बाह्या, कॉलर, खिसा, सगळं शाबूत होतं. एक शब्द बोलली असती तर मला पुन्हा जोडता आलं असतं. पण या गावची माणसं फार भिडस्त. कोणी यांच्या पायावर पाय दिला तर उलट हीच माणसं माफी मागतात. आर्डिसचं तोंड उघडलं. बोल बाई, बोल, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"छान आहे," ती म्हणाली. "बन्स गरम आहेत तोवर घ्या गं."

बर्निसने बन खाल्ला, बोटं चाटली आणि माझ्या बाह्याही उडवल्या. फडक्याला होतील म्हणाली.

"हा भोपळा मी शिवते," आर्डिस एवढंच म्हणाली. तिने गोलाच्या कडेने धावदोरा घातला, दोरा ओढून चुण्या पाडल्या, बुडाशी वजनाला वाटाणे घातले, वर कापूस ठासून भरला आणि तोंड बंद केलं. मग लांब सुईने जाड दोरा खालून वर, खालून वर असा आठ वेळा घेऊन खाचा पाडल्या. प्रत्येक वेळी दोरा आवळताना ती दातांत ओठ धरत होती. वरती बर्निसने शेतातून आणलेला वाळका देठ चिकटवला.

"तो निळा रफू खाचेत घाल, बाई. असलं ठिगळ बघून कोण घेणार?" बर्निस म्हणाली.

"राहू दे तसाच."

याचं कारण मला कळत होतं. विक्रीतून उरलेले भोपळे बायका आपसांत वाटून घेत. बर्निसचं म्हणणं खरं ठरावं आणि मला कोणीही घेऊ नये, एवढ्याच आशेवर आर्डिस होती. तिला मला मागून घेता आलं असतं, पण मागायचं म्हटलं तर बर्निसला सगळं सांगावं लागणार आणि बर्निसला वाईट वाटणार.

विक्रीच्या दिवशी मखमली भोपळे गेले, फुलाफुलांचे गेले, बर्निसचे तर सगळेच गेले. शेवटी टेबलावर मी एकटा उरलो. आर्डिस इतर टेबलांवरच्या चादरी घडी करत होती आणि चक्क गुणगुणत होती. तेवढ्यात गावच्या वाचनालयातली जोलीन धापा टाकत आली.

"अय्या, रफू केलेला भोपळा! किती गोड! हाच हवा मला. तुम्ही केलात?"

"हो," आर्डिस म्हणाली.

"मग येत जा ना वाचनालयात. तिथेच ठेवणार आहे मी याला."

"येईन," असं म्हणून आर्डिसने स्वतःच्या हाताने मला कागदात गुंडाळून दिलं. मला तिचा इतका राग आला होता की काय सांगू! आणि तिची दयाही येत होती.

पहिल्या वर्षी माझं भारी कौतुक झालं. मी जोलीनच्या टेबलावर मधोमध होतो. पोरं मला चिमटे काढत, मोठी माणसं माझ्याशेजारी कॉफी ठेवत. आर्डिस दर मंगळवारी यायची, एक पुस्तक बदलायची आणि जाता जाता रफूवरून अंगठा फिरवायची. बोलायची नाही. तिसऱ्या वर्षी विजेवर उजळणारा एक प्लॅस्टिकचा भोपळा आला आणि माझी रवानगी खिडकीत झाली. उन्हाने माझा लाल रंग विटला. पाचव्या वर्षी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराशी टेकवून ठेवलं. येणारा-जाणारा बूट लावून मला सरकवू लागला. हिवाळाभर तळघरातल्या खोक्यात पडून असायचो. वाटाण्यांच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी बूड कुरतडलं. शर्ट असताना मी दिवसभर राबून संध्याकाळी खुंटीवर विसावत होतो. इथे कुणाच्या कामाचा नव्हतो आणि मोकळाही नव्हतो.

सातव्या पानगळीत एका मंगळवारी जोलीनने आर्डिससमोरच मला खोक्यातून काढलं, तर खालून वाटाणे सांडले.

"आर्डिसबाई, तुमच्या भोपळ्याला उंदरांनी खाल्लं बघा. आज टाकून देते. वाईट वाटून घेऊ नका हं."

"नाही गं, त्यात काय," आर्डिस म्हणाली.

तिने हातमोजे चढवले, डोक्याला रुमाल बांधला आणि ती गेली. काचेतून मला दिसत होतं. ती गाडीत बसली, पण गाडी हलेना. बराच वेळ हलली नाही. जोलीन मला कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाली तेव्हा दार धाडकन उघडलं. वाचनालयात आवाज चढवायचा नसतो, हे आर्डिस विसरूनच गेली होती.

"तो माझ्या ऑर्विनचा शर्ट आहे! मला परत हवाय!"

जोलीनने मला तिच्या हातात दिलं. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बर्निसने चष्मा वर केला.

"कोणाचा शर्ट?"

"ऑर्विनचा. लिअ‍ॅनने चुकून दिला होता. तू कापलास तो."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू इतकी मन लावून कापत होतीस."

बर्निसने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "बाह्यांनी मी ओटा पुसला गं. दोन वर्षं." आणि ती भर वाचनालयात रडू लागली. रडता रडता तिने हात पुढे केला. "आण इकडे, बूड नीट शिवून देते."

आर्डिसने मला छातीशी घट्ट धरलं. "नको," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस." मग म्हणाली, "तू कॉफीला ये."

मित्रांनो, कापडाला तोंड नसतं, म्हणून तुम्हाला विनवतो. जुन्या वस्तूला कात्री लावण्याआधी ती कोणाची आहे, हे विचारा. आणि ती तुमची असेल, तर कृपा करून तोंड उघडा, मग समोरच्याला वाईट वाटलं तरी चालेल. आर्डिसने सहा वर्षं उशीर केला आणि तेवढ्यात माझ्या बाह्या गेल्या, रंग गेला. ते काही परत येत नाही. पण हल्ली कोणी घरी आलं आणि ऑर्विनच्या खुर्चीवर मला पाहून "हा भोपळा छान आहे" असं म्हणालं, की आर्डिस चहाची किटली खाली ठेवते आणि स्पष्ट सांगते, "तो भोपळा नाही. शर्ट आहे."