चाळणीतलं मेण

मित्रांनो, वसईजवळच्या गिरीजला कधी आलात तर आमच्या वाडीत जरूर डोकावा. विहिरीच्या कठड्याला टेकून एक जस्ती झारी उभी दिसेल. बुडाला दोन ठिकाणी डाग दिलेला, कान जरा वाकडा, आणि तोंडावरच्या चाळणीतली काही भोकं पांढऱ्या मेणाने बुजलेली. ती मी. हे मेण कसलं, असं वाडीत येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि घरचे नुसते हसतात. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म आगाशीच्या बाजारात झाला. तिथे शत्रुघ्नकाका पत्र्याचं काम करायचे. डबे, नरसाळी, रॉकेलची मापं, सगळं त्यांच्या हातचं. एकाहत्तर साली त्यांनी मला घडवलं. पत्रा कापला, गोल वळवला, डाग देऊन सांधला आणि शेवटी खिळा घेऊन चाळणीला भोकं पाडली. एकूण एक्केचाळीस. खिळा जरा जाडच होता. काका म्हणाले, "असू दे. पाणी कमी पडतं अशी कुणी तक्रार करायला नको."

तशी तक्रार कुणीच केली नाही. पुढे जी झाली ती उलटीच होती.

मला विकत घेतलं रोझलीनबाईंनी. त्यांच्या वाडीत केळी आणि नारळाच्या सावलीत पानवेली होत्या. विड्याची पानं, हिरवीगार, हातभरावरून वास येणारी. सकाळ-संध्याकाळ मी वेलींना पाणी घालायचे. रोझलीनबाई मला सहसा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. "माझा उजवा हात आहे ती," म्हणायच्या. माझ्यासाठी पडवीत वेगळी खुंटी होती. कौतुकाचे दिवस होते ते, मित्रांनो. पत्र्याच्या वस्तूला आणखी काय हवं?

मग घरात सून आली. क्लेमेंटीन. वसईतल्या एका मास्तरांची मुलगी, बी.ए. झालेली. स्वभावाने गोड, पण काळजी म्हणजे किती! वर्षभराने सुझान जन्मली आणि काळजीला पाय फुटले. बाळाचा चमचा ती तीनदा उकळायची. हाताची पाठ बाळाच्या कपाळाला लावून दिवसातून वीस वेळा ताप बघायची. रोझलीनबाई म्हणायच्या, "क्लेमी, तिचं कपाळ झिजेल गं." ओट्यावरच्या कुंड्यांनाही तिने असंच जपलं. सुकू नयेत म्हणून मला घेऊन दिवसातून चारदा पाणी घातलं. दोन कुंड्या कुजून गेल्या. तेव्हापासून ती कुणाला काही विचारायलाही संकोचायची. विचारलं की सगळे हसतात, असं तिला वाटायचं.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात आमच्या वाडीत मोठी धांदल होती. तोवर गिरीजची पानं मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जायची आणि तिथून त्याच्या नावाने विमानात चढून आखातात पोहोचायची. क्लेमेंटीनचा नवरा युजीन याने पत्रं लिहून लिहून तिकडचा एक दुकानदार स्वतःच गाठला होता. दुकानदार म्हणाला, तीस करंड्या पाठवा. पानं ताजी आली तर यापुढे तुमच्याकडूनच घेईन. खराब आली तर पुन्हा पत्र लिहू नका. गिरीजच्या अकरा वाड्यांनी पानं खुडून दिली होती. केळीच्या पानांचं अस्तर लावलेल्या तीस करंड्या घेऊन गुरुवारी पहाटे टेम्पो निघाला. युजीन पुढे बसला, टेम्पोवाला बळीराम त्याच्या शेजारी.

संध्याकाळी टेम्पो परत आला. करंड्या होत्या तशाच होत्या. युजीन मात्र नव्हता.

"वहिनी, घोटाळा झाला," बळीराम उतरताउतरता म्हणाला. "तिकडे वाळूचं वादळ आलंय. तिकडचा मोठा विमानतळ बंद. तो बंद म्हणून आपल्याकडची विमानंपण जागच्या जागी. माणसं ट्रंकांवर झोपलीत. कोण म्हणतं उद्या, कोण म्हणतं परवा, विचारलं की खिडकीतला माणूस खिडकीच बंद करतो. दादा तिथेच राहिले, नंबर जाऊ नये म्हणून. त्यांनी सांगितलंय, पानं सावलीत ठेवा आणि सुकू देऊ नका."

बळीरामने करंड्या पडवीत उतरवल्या आणि तो गेला. घरात क्लेमेंटीन आणि बाळ एवढेच. रोझलीनबाई शेजारी लग्नघरी होत्या, रात्रीही तिथेच राहणार होत्या. शेजारच्या ग्रेसीचं रविवारी लग्न होतं. अंगणात झावळ्यांचा मांडव घातला होता, पाहुणे येऊन बसले होते. पण ग्रेसीचा होणारा नवरा कॉन्रॅड आखातात नोकरीला होता आणि त्याचं विमानही त्याच वादळात अडकलं होतं.

क्लेमेंटीन करंड्यांकडे बघत राहिली. मे महिन्याचा उकाडा, अकरा वाड्यांची पानं, नवऱ्याचा निरोप. सासूला विचारायला शेजारी जावं, तर भरल्या लग्नघरात बायका पुन्हा कुंड्यांची आठवण काढणार. ती गेली नाही. तिने खुंटीवरून मला काढलं.

मित्रांनो, मी तिला थांबवू शकले असते तर थांबवलं असतं. पण झारीला बोलता येत नाही, फक्त ओतता येतं. एका कडेवर सुझान आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती तीस करंड्यांवरून फिरली. एक्केचाळीस भोकांतून पाणी धो धो पडलं. शुक्रवारी उजाडताच पुन्हा एक फेरी झाली. पानं टवटवीत, चकचकीत दिसत होती. तिला हायसं वाटलं.

आठ वाजता रंभा आली. ती मूळची कामण गावची. आमच्या वाडीत पंधरा वर्षं पानं रचत होती. करंड्यांखालून वाहिलेला ओघळ बघून ती दारातच थबकली.

"बाय, पानी कोनी घातलं?"

"मी. कालपण आणि आजपण. सुकू नयेत म्हणून."

"अगं, हे पान हाय, भिजवायला सुका बोंबील नाय," रंभा म्हणाली आणि तिने एका करंडीत कोपरापर्यंत हात घातला. तिचा चेहरा उतरला. "हात घालून बघ. पानी आत कोंडलं, पानाला भरला ताप."

क्लेमेंटीनने हात घातला. आणि नकळत तिने हात उलटा केला, बोटांची पाठ पानांच्या चळतीला लावली, जशी सुझानच्या कपाळाला लावायची तशी. आत ऊब होती. लस टोचून आणल्यावर बाळाचं अंग जेवढं गरम लागलं होतं, अगदी तेवढी.

ती पांढरीफटक पडली. अकरा वाड्यांची पानं, आणि ती तिने एका रात्रीत उकडायला घातली होती.

तेवढ्यात रोझलीनबाई आल्या. त्यांनी पाहिलं, हुंगलं, आणि सुनेकडे वळल्या. "बी.ए. झालीस. तुमच्या कॉलेजात पानांचं पुस्तक नव्हतं वाटतं?"

"आय, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," क्लेमेंटीन म्हणाली. "आता सांगा, काय करू?"

रोझलीनबाईंचा राग या एका वाक्याने निम्मा झाला, हे मी जवळून पाहिलं. "उपसायची," त्या म्हणाल्या. "एकूण एक पान बाहेर काढायचं, पसरायचं, पुसायचं, निवडायचं. पण एवढी सावली आणायची कुठून? आणि हात?"

रंभाने हनुवटीनेच शेजारच्या अंगणाकडे दाखवलं. शेणाने सारवलेलं अंगण, वर झावळ्यांचा गार मांडव आणि त्यात रिकामे बसलेले चाळीस पाहुणे.

ग्रेसीची आई कचरली. लग्नाच्या मांडवात बाजार मांडायचा म्हणजे जरा कसंतरीच. पण ग्रेसी स्वतः बाहेर आली. केसांना तेल, हातात वेणीची रिबीन. "नवरदेवच नाही, तर मांडवात ठेवणार काय? आणा पानं."

आणि काय सांगू मित्रांनो! चादरी आल्या, लुगडी आली, कुणी टेबलावरचा कपडा ओढून आणला. पाहुण्या बायका मांड्या घालून बसल्या. रंभा मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती. चांगलं पान उजवीकडे, ओलं पान वाऱ्याला, काळा डाग पडलेलं टोपलीत. पुरुषही बसले. ग्रेसीचा एक मामा दर पाचवं पान चुना लावून तोंडात टाकू लागला, तेव्हा त्याला उठवून पंख्याने वारा घालायला बसवलं. ठरल्याप्रमाणे शनिवारी बँडवाले आले. ते बसून काय करणार? त्यांनी वाजवायला घेतलं आणि तालावर पानं पुसली जाऊ लागली.

"माझा नवरा तिकडे वाळूत आणि मी इकडे पानांत," ग्रेसी म्हणाली.

"पान बरं गं," तिची आत्या म्हणाली. "पुसलं की गप्प राहतं."

माझी मात्र अवस्था वाईट होती. रोझलीनबाईंनी शुक्रवारीच जाहीर केलं होतं, "ती झारी आधी नजरेआड करा." ज्या हातांनी मला बारा वर्षं खुंटीवर टांगलं, त्यांनीच मला लाकडांच्या ढिगामागे सरकवलं. पण निवडलेली पानं करंड्यांत परत रचायची, तर अस्तराला किंचित ओलावा हवाच होता. अगदी दवाएवढा. क्लेमेंटीन मला शोधत आली. घरच्या अल्तारीपुढचा, म्हणजे देवाच्या तसबिरीपुढचा, मेणबत्तीचा तुकडा तिने पेटवला आणि मधल्या मधल्या भोकांवर मेणाचा एकेक थेंब सोडला. थेंब गरम होता, पण मी कशाला तक्रार करू? सतरा भोकं बुजली. मग तिने आपल्याच मनगटावर पाणी धरून पाहिलं, बाळाचं दूध बघतात तसं. पुन्हा एक भोक टोकरून मोकळं केलं. बुजलेली सोळा राहिली.

चार करंड्यांची पानं गेली. सव्वीस नव्याने रचल्या. मग क्लेमेंटीनने प्रत्येक करंडीला आकड्याची चिठ्ठी बांधली आणि दर दोन तासांनी हाताची पाठ आत घालून चिठ्ठीवर नोंद करू लागली. 'सात नंबर, सकाळी थंड.' 'बारा नंबर, दुपारी कोमट, वारा दिला.' 'बारा नंबर, संध्याकाळी बरी.'

"दवाखाना उघडला आमच्या क्लेमीने," रोझलीनबाई पाहुण्यांना सांगू लागल्या. पण रंभाने कधी नव्हे ते कौतुकाने मान हलवली. "मी चार बोटं घालते, मला कळायला वेळ लागतो. हिला लगेच कळतं. हिचा हात तापाला सवकलाय."

शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. विमानतळ उघडला का? सर्वांत जवळचा फोन गावातल्या बेकरीत होता. क्लेमेंटीन सुझानला कडेवर घेऊन दोनदा जाऊन आली. युजीनचा फोन नव्हता. पानं आणखी एखादा दिवस टिकली असती. दोन नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या हातालाच कळत होतं. रविवारी नऊच्या सुमाराला बेकरीवाला स्वतः सायकल मारत आला. पाव द्यायला नव्हे, निरोप द्यायला. वादळ शमलं. दुपारचं विमान जातंय. युजीनचा नंबर दुसरा. ताबडतोब निघा.

अर्ध्या मांडवाने करंड्या टेम्पोत चढवल्या. क्लेमेंटीनने शेवटच्या करंडीतून हात बाहेर काढला आणि बळीरामला म्हणाली, "सगळ्या थंड आहेत. हळू ने."

"वहिनी, हळू नेलं तर विमान जाईल."

"बरं, मग जोरात ने. पण खड्डे बघून."

संध्याकाळी टेम्पो परत आला तेव्हा मागे, करंड्यांखाली अंथरलेल्या गवतावर, दोन माणसं बसली होती. एक युजीन, तीन दिवसांची दाढी वाढलेला. दुसरा ट्रंकेवर बसलेला, सुटाला गवत चिकटलेला. कॉन्रॅड. तिकडून सुटलेल्या पहिल्या विमानाने तो आला होता आणि बाहेर पडताच त्याला आपल्या गावाचा टेम्पो दिसला होता. लग्न सोमवारवर गेलं होतं, पण मांडव, बँड आणि पाहुणे सगळे जागेवर होते.

"दोन दिवस बिस्किटांवर काढले," कॉन्रॅड मांडवात शिरत म्हणाला. आणि त्याने नाक वर केलं. "इथे पानांचा वास का येतोय?"

ग्रेसी म्हणाली, "तुझ्या जागी तीच बसली होती."

तीन आठवड्यांनी तिकडच्या दुकानदाराचं पत्र आलं. त्याचा कारकून रत्नागिरीचा, म्हणून पत्र मराठीत. युजीनने ते ओट्यावर उभं राहून वाचलं. पानं ताजी मिळाली. पुढच्या महिन्यात चाळीस करंड्या पाठवा. आणि खाली एक ओळ जास्तीची होती. 'चिठ्ठ्या वाचल्या. बारा नंबरची तब्येत आता कशी आहे, असं सगळं दुकान विचारत होतं. ती सर्वांत आधी खपली. यापुढेही चिठ्ठ्यांसहच पाठवाव्यात.' रोझलीनबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग उठल्या आणि त्यांनी मला लाकडांमागून काढून खुंटीवर अडकवलं.

आता या गोष्टीला सहा वर्षं झाली. वाडीत पंप आला, रबरी नळी आली. पानवेलींना माझी गरज राहिली नाही. खुंटीवर आता नळीचं वेटोळं असतं आणि मी विहिरीपाशी. कधीकधी आठवडा जातो, कुणी हात लावत नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही.

पण परवा सुझानने मला उचललं. तिने ओट्याजवळ गुलाबाचं रोप लावलंय. सकाळी दोनदा पाणी घालून झालं होतं, तिसऱ्यांदा ती मला भरून घेऊन निघाली. ओट्यावर क्लेमेंटीन भाजी निवडत होती. ती अर्धी उठली. मग परत बसली.

"आधी हात लावून बघ," ती म्हणाली. "मग ठरव."

सुझानने मला खाली ठेवलं. वाकली आणि हाताची पाठ मातीला लावली, डोळे मिटून, मोठ्या डॉक्टरीणबाईसारखी. "बरं आहे याला, मम्मी," ती म्हणाली आणि मला तशीच भरलेली सोडून खेळायला पळाली.

मित्रांनो, मागणं एवढंच. कुणाला जपायचं असेल तर आधी हात लावून बघा, मग ओता. आमच्या वाडीत आलात आणि मला वापरलंत तर जाताना उपडी ठेवा, बूड गंजत नाही. आणि ते मेण मात्र खरवडू नका. बुजलेली सोळा भोकं आहेत, मी रोज मोजते.